बापाच्या हातातला अर्धा तास

फ्लाइंग क्लबात ज्यांना सगळे मास्तर म्हणत, ते आज सकाळपासून लेकीवर धुमसत होते. मुलाखतीच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसूनही त्यांचं पुटपुटणं चालूच होतं. विमान कंपनीला वैमानिकाने स्वतःच्या जबाबदारीवर उडवलेले ठरावीक तास हवे होते आणि बाईसाहेबांचे नेमके अर्ध्या तासाने कमी भरत होते.

कमी तरी कुणी केले? तिनेच. मुलाखतीआधीच्या शेवटच्या उड्डाणात मास्तर नुसते सोबतीला म्हणून शेजारी बसले होते. ढगात शिरल्यावर पोरगी गांगरली, वर कुठलं नि खाली कुठलं कळेना, तेव्हा त्यांनी विमान आपल्या हातात घेऊन सुखरूप उतरवलं. वर म्हणाले, "उड्डाणांच्या वहीत सगळा वेळ तुझ्याच नावावर लिही. घरातली गोष्ट घरात." तर हिने शेवटचा अर्धा तास आपल्या हिशेबातून वगळून बापाच्या नावावर मांडला. "तेव्हा विमान तुमच्या हातात होतं, बाबा." झालं. लोक वहीत खोटेच लिहिलेल्या, नुसत्या पेनाने उडवलेल्या तासांवर नोकऱ्या पटकावतात आणि आमच्याच पोटी हा हरिश्चंद्र.

दार उघडलं. लेकीमागून मुलाखत घेणारे कॅप्टन बाहेर आले. तिचा चेहरा उतरलेला पाहून मास्तर बाकावरून उठले.

"तुम्ही वडील ना?" कॅप्टन म्हणाले. "त्या अर्ध्या तासाबद्दल मी फिरवून फिरवून विचारलं. निसटायला वाटही करून दिली. दरवेळी एकच उत्तर, मी गांगरले होते, बाबांनी सांभाळलं. नियम मला मोडता येणार नाही. पण महिनाअखेरपर्यंत जागा राखून ठेवतो, तास भरून येऊ दे. आपल्याला सुधरत नाहीये हे वेळेवर सांगणारं माणूस मला शेजारी हवंय."

आजवर मास्तरांनी कितीतरी पोरांना विमान उडवायला शिकवलं होतं, पण हे काही त्यांनी शिकवलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी क्लबात वाऱ्याला जोर होता. लेक विमानात बसली, तसे मास्तरही शेजारी चढले.

"बाबा, यायचं तर या. पण हात लावलात तर मी लिहिणार."

"माहीत आहे गं बाई."

धावपट्टी सुटली आणि आडव्या वाऱ्याने विमान डुचमळलं. मास्तरांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले, ते उतरेपर्यंत काढले नाहीत.