एकोणनव्वदवर थांबलेला काटा

धम्मदीप थूल पहाटे साडेचारला उठायचा तेव्हा घरात कोणी जागं नसे. बूट घालून तो बाहेरच्या पायरीवर बसायचा आणि पाचदहा मिनिटं नुसताच बसून राहायचा. जूनमध्ये असं बसावं लागत नव्हतं. तेव्हा अलार्मच्या आधी जाग यायची. आता डिसेंबर लागला होता आणि लेस बांधायला वाकलं की मांड्या भरून यायच्या.

हिंगणघाटातल्या घरापासून वणा नदीच्या पुलापर्यंत आणि परत असं नऊ किलोमीटर पळणं. जिनिंग मिलकडे निघालेल्या कापसाच्या गाड्या बाजूने जायच्या, तो रस्त्याच्या कडेने पळत राहायचा. मग आंघोळ आणि मोटारसायकलने वडनेरच्या पलीकडच्या एका गावातली शाळा. तिथे तो पाचवीला शिकवायचा. संध्याकाळी परतल्यावर दीड तास जिम. रविवारी शाळेला सुट्टी असायची, त्यामुळे त्या दिवशी पळणं बारा किलोमीटर.

हे सगळं मोठ्या भावामुळे सुरू झालं होतं. प्रफुलचं केळझरला शिलाईचं दुकान होतं. दोन वर्षांपूर्वी जानेवारीत एका गिऱ्हाइकाच्या पँटचं माप घेता घेता तो खाली बसला तो उठलाच नाही. वय सत्तेचाळीस. दोघा भावांची अंगलट एकच होती. तेच रुंद खांदे, तेच पोट. लग्नकार्यात पाठमोरे उभे असले की कोणता कोण ते त्यांच्या बायकांनाही चटकन कळत नसे. धम्मदीपला येत्या मार्चमध्ये सत्तेचाळीस वर्षं पूर्ण होणार होती. हा हिशेब त्याने कोणाजवळ बोलून दाखवला नव्हता. विचारलं तर तो बीपीचं कारण सांगायचा.

पहिल्या चार महिन्यांत वजन अठ्ठ्याण्णववरून एकोणनव्वदवर आलं. स्टाफरूममध्ये कौतुक झालं, जुने शर्ट ढगळ झाले. आणि मग काटा तिथेच थांबला. एक आठवडा, दोन, आठ आठवडे. धम्मदीपने संध्याकाळची पोळी बंद केली. सकाळचं पळणं सहावरून नऊ किलोमीटरवर नेलं. काटा हलला, पण वरच्या बाजूला. नव्वद.

"हा खराब असंल," तो पलंगाखालचा वजनकाटा पायाने सरकवत मेघाला म्हणाला.

त्याची बायको मेघा डबा भरत होती. "काल मी उभी राह्यलती त्याच्यावर. बरोबर दाखोते."

"मंग मी काय हवा खाऊन वाढून राह्यलो का?"

"मले कायले रागावता? एक दिवस आराम करून पाहा न."

"आराम करूनच अठ्ठ्याण्णव झालतो," असं म्हणून तो डबा न घेताच निघून गेला.

मेघा दाराशी उभी राहिली. आताशा हे रोजचं झालं होतं. तो चिडायचा, मग दिवसभर गप्प राहायचा. महिन्यात दोनदा सर्दीताप येऊन गेला होता. दमून पडला तरी त्याला झोप लागत नसे. नववीतली काजल अभ्यासातलं काही विचारायचं असलं की आधी आईला विचारायची, "पप्पा आज कसे आहेत?"

त्या आठवड्यातल्या गुरुवारी जेवणाच्या सुट्टीनंतर त्याने मुलांना अपूर्णांकाची चार गणितं फळ्यावर लिहून दिली आणि खुर्चीत बसला. त्याने डोळे मिटले ते क्षणभरासाठी. उघडले तेव्हा खिडकीतलं ऊन जमिनीवरून समोरच्या भिंतीवर चढलं होतं. वर्गात तेवीस मुलं होती आणि एकाचाही आवाज नव्हता. पहिल्या बाकावरची एक मुलगी तोंडावर बोट धरून सगळ्यांकडे बघत होती. तो जागा झालेला पाहून तिने बोट काढलं.

"सर, आमी सारे गणितं केले," ती हळूच म्हणाली. "तुमाले बरं नाई वाटत न?"

धम्मदीप खुर्चीत सावरून बसला. अठरा वर्षांच्या नोकरीत तो वर्गात एकदाही झोपला नव्हता. त्याने वह्या तपासायला घेतल्या, पण अक्षरं एकात एक शिरत होती. शाळा सुटल्यावर तो जिमला गेला नाही. सरळ दवाखान्यात गेला.

डॉक्टरीण तिशीतली होती. तिने ईसीजी काढला, रक्त तपासायला दिलं. दुसऱ्या दिवशी तो मेघाला घेऊन रिपोर्ट दाखवायला गेला.

"हृदय आज तरी ठीक आहे," ती म्हणाली. "थायरॉइड ठीक. रक्त थोडं कमी आहे. पण बसल्या जागी तुमची नाडी चौऱ्याण्णव आहे, सर. एवढा व्यायाम करणाऱ्याची इतकी नसावी. झोप किती?"

"चार तास. कधी पाच."

"सुट्टीचा दिवस?"

उत्तर मेघाने दिलं. "नाई घेत. एकही नाई."

डॉक्टरीणबाईने पेन खाली ठेवलं. "हे बघा. व्यायामाने स्नायूंना बारीक इजा होते, सूज येते. विश्रांती मिळाली की ती भरून निघते आणि स्नायू मजबूत होतात. तुम्ही सूज उतरायच्या आत परत पळता. त्या सुजेत पाणी असतं, काट्यावर ते वजनच दिसतं. वर झोप नाही, खाणं अर्धं. शरीराला वाटतंय दुष्काळ पडलाय, म्हणून ते जपून खर्च करतंय. तुम्ही जेवढं जास्त कराल, तेवढं ते जास्त अडून बसेल."

"मंग काय करू?"

"दोन आठवडे पळणं बंद, जिम बंद. रोज अर्धा तास साधं चालायचं. दोन्ही वेळा पोटभर जेवायचं, वरण, अंडी, भाजी. आठ तास झोप. आणि काट्यावर उभं राहायचं नाही."

"वजन वाढंल न, मॅडम."

"वाढलं तर माझ्याकडे या, भांडा माझ्याशी."

पळण्यापेक्षा हे अवघड निघालं. पहिले तीन दिवस तो साडेचारलाच जागा व्हायचा आणि अंथरुणात छताकडे बघत पडायचा. पळताना डोक्यात फक्त श्वास असायचा, पुढचा खांब असायचा. पडून राहिलं की प्रफुल यायचा. मग धम्मदीप आपला हात छातीवर ठेवून ठोके मोजायचा.

चौथ्या दिवशी मेघा चहा घेऊन आली तेव्हा तो पलंगाच्या काठावर बसला होता.

"दादा सत्तेचाळीसचा होता," तो म्हणाला.

"मालूम आहे मले," मेघा म्हणाली. "तुमाले मार्चमध्ये पुरे होते." ती त्याच्या शेजारी बसली. तिने विचारलं, "वयनीकडे किती दिवस झाले गेले नाई तुमी?"

प्रफुलच्या पहिल्या स्मृतिदिनानंतर तो केळझरला गेला नव्हता. आधी कामं होती, मग दर रविवारी पळणं होतं. त्या रविवारी दोघं मोटारसायकलवर निघाले. वाटेत दोनदा थांबावं लागलं, त्याची पाठ धरत होती.

प्रफुलचं दुकान आता त्याची बायको रक्षा चालवायची. ती मशीनवरून उठली आणि धम्मदीपकडे बघतच राहिली.

"किती वाळले हो, भाऊजी. तब्येत बरी नाई का?"

"बरी आहे, वयनी."

चहा झाला. मेघा आत भाजी निवडायला बसली. रक्षा हातातल्या ब्लाउजची शिवण उसवत होती. मान वर न करता ती म्हणाली, "तुमी येत नव्हते, तं मले वाटलं माह्यावर राग आहे तुमचा."

"तुमच्यावर? काऊन?"

"त्या दिवशी ते सकाळपासून छातीत जळजळ म्हणून राह्यलते. मी सोडा पाजला आन् दुकानात जाऊ देलं. दवाखान्यात नेलं असतं तं..." तिचा हात थांबला. "मले वाटलं, भाऊजीले समजलं हे, म्हणून येत नाई."

धम्मदीपला हे माहीतच नव्हतं. दोन वर्षं ही बाई एकटी हे घेऊन मशीनवर बसली होती.

"वयनी, मी भेलो होतो," तो म्हणाला. "तुमच्या घरी आलो का मले दादा दिसते. आन् मंग त्याच्या जागी मी दिसतो. दुसरं काई नाई. तुमचा काई दोष नाई. दादाच्या जागी मी असतो तं मीही सोडाच पेलो असतो."

रक्षाने पदर डोळ्यांना लावला. मग तिने विचारलं, जेवून जाल न. तो हो म्हणाला. त्या दुपारी तो दोन भाकरी जेवला आणि दुकानामागच्या खोलीत चटईवर आडवा झाला. तो चार तास झोपला. मेघा आणि रक्षा बाहेर हळू आवाजात बोलत बसल्या.

दोन आठवड्यांनी डॉक्टरीणबाईने त्याला काट्यावर उभं केलं. साडेसत्त्याऐंशी. त्याला आनंद व्हायला हवा होता, पण तो एवढंच म्हणाला, "अजूनही थकल्यासारखं वाटते." "वाटणारच," ती म्हणाली. "सहा महिन्यांचं आहे, पंधरा दिवसांत नाही जायचं."

आता तो आठवड्यातून तीन दिवस पळतो, तेही पाच किलोमीटर. दोन दिवस जिम, दोन दिवस काही नाही. वजन हळूहळू उतरतं, कधी महिनाभर उतरतही नाही. अंगातला थकवा पूर्ण जायला मार्च उजाडला. त्याचा वाढदिवस शाळेच्या दिवशी आला आणि गेला.

सुट्टीच्या सकाळी तो सातपर्यंत झोपतो. मेघा तेवढ्यात दोनदा खोलीत येऊन जाते. दाराशी थांबते, पांघरूण वरखाली होताना दिसलं की परत स्वयंपाकघरात जाते. हे तिने त्याला कधी सांगितलेलं नाही.