डावीकडं टाकणारं सूप

सूप डावीकडं टाकतं.

अकरा दात. त्यातला सगळ्यात मोठा मोहरीएवढा. गोळ्यांच्या रिकाम्या डबीत, कापसावर.

कोंबडीला दात नसतात, म्हणून ती खडे गिळते.

तीस जून. त्यापुढं मुदत नाही.

वाळवण घालावं ते घोंगड्यावर. प्लास्टिकवर पसरलेल्या धान्याला घाम येतो, असं हरणाबाई म्हणते, आणि धान्याच्या बाबतीत हरणाबाई आजवर चुकलेली नाही.

मेंढीच्या लोकरीतून गोचीड काढताना लोकर ओढायची नसते. दोन्ही अंगठ्यांनी भांग पाडायचा असतो.

ही सगळी एकाच मंगळवारची कापडं. आता टाके घालू.

प्रियदर्शनी कडेगावजवळच्या वाडीतली. तिचा आजा मेंढरं घेऊन कोकणापर्यंत चालत जायचा. बाप आकाराम तीन एकरांतल्या उसाला पाणी पाजतो. आणि प्रियदर्शनी सातारच्या कॉलेजात, चौदा नंबरच्या खोलीत, सव्वापाच कोटी वर्षांपूर्वी मेलेल्या बारक्या जनावरांची हाडं शोधते. उंदराएवढी, चिचुंद्रीएवढी, चिमणीएवढी जनावरं. त्यातलं एक वटवाघूळ. जगात वटवाघळं नवीनच उडायला लागली होती त्या काळातलं.

तिचे अकरा दात त्या वटवाघळाचे. सहा पोती माती आणली होती गुजरातच्या एका कोळशाच्या खाणीतून. पाच पोत्यांतून निघाले अकरा दात, आणि बाकी काही नाही.

"दात जेवणाचं सांगतात, प्रियदर्शनी," तिचे मार्गदर्शक जयराज सर म्हणाले होते. "किडे खायचं, हे कळलं. पण तिसऱ्या प्रकरणाचं नाव तू ठेवलंयस 'उड्डाण'. उडण्याचं हातच सांगेल. हाताचं हाड आण, नाहीतर प्रकरण काढून टाक."

तिसरं प्रकरण काढलं तर तीस जूनपर्यंत द्यायच्या प्रबंधात उरत होतं काय? एक पहिलं, एक दुसरं आणि आभार.

एप्रिलात कॉलेजच्या नळाला दिवसाआड तासभर पाणी. माती धुवायला लागतं धो धो. म्हणून सहावं, शेवटचं पोतं तिनं घरी आणलं. एसटीच्या डिकीत चढवताना कंडक्टरनं विचारलं, "काय हाय ह्यात?"

"माती."

"कडेगावात माती संपली व्हय?"

घरी आधी ती माती कडकडीत वाळवली, रॉकेलात भिजवली, मग पाण्यात सोडली. तशी ती चहातल्या बिस्किटासारखी विरघळते. मग विहिरीच्या मोटारीखाली बारीक चाळणीतून चार दिवस धुणं. पाच वर्षांच्या पोराएवढ्या वजनाच्या पोत्यातून शेवटी उरला दीड किलो गाळ. वाळू, शिंपल्यांचे तुकडे, चकाकणारे जड कण. आणि असलंच तर, हाड. आता हा गाळ वाळवायचा आणि भिंगाखाली कण न् कण बघायचा.

मंगळवारी सकाळी तिनं अंगणात निळं प्लास्टिक अंथरलं, गाळ पसरला, चार कोपऱ्यांवर चार विटा ठेवल्या आणि भिंगाच्या दिव्याचा बल्ब आणायला ती कडेगावात गेली. अकराला परतली.

प्लास्टिकची घडी दोरीवर होती. विटा भिंतीला लागलेल्या. अंगणात घोंगडं, घोंगड्याच्या कडेला हरणाबाई आत्या, आत्याच्या हातात सूप, आणि उजव्या अंगाला पाच कोंबड्या.

"आत्या, काय करतीयास?"

"तुझं वाळवण पाखडतीया. लय भुसकट हुतं बघ त्यात. आता कसं चकचकीत झालंय."

"आत्या, ते धान्य नव्हतं गं."

"मला काय कळंना व्हय? दिसतंय की माती हाय. पण वाळवण म्हटल्यावर पाखडाय नको? बिनपाखडलेलं आपल्या घरात काय गेलंय कवा?"

गेलं नव्हतं. ज्वारी, हुलगा, लेकीनं पाठवलेले शेंगदाणे, एकदा तर दुकानातून आणलेली साखर. हरणाबाईच्या सुपातून गेल्याशिवाय काहीही उंबरा ओलांडत नसे. प्रियदर्शनी सुपात बघत राहिली. जड खडे, शिंपले, चकाकणारे कण. जे नको ते सगळं नीट राखलं होतं.

ती ओरडली नाही. ओट्यावर बसली आणि बल्बचं खोकं मांडीवर धरून राहिली. समोर एका तांबड्या कोंबडीनं एक खडा टिपला, मान वर केली आणि गिळला.

तेवढ्यात आकाराम रानातून आला. पोरीचं तोंड, बहिणीचं सूप, दोरीवरचं प्लास्टिक. त्याला निम्मं उमगलं.

"आक्का, काय केलंस?"

"पाखडलं."

"प्रिया, केवढं जनावर हुतं तुझं?"

"चिमणीएवढं, आप्पा."

"आन त्याचं हाड?"

"तुटकं मिळालं तर तुरीच्या डाळीएवढं. पोकळ नळी असती. कागदासारखी पातळ."

आकारामनं कोंबड्यांकडं बघितलं. "मग कापू का ह्या पाचीबी?"

"माझ्या कोंबड्यांना हात लावून तर बघ," हरणाबाई म्हणाली. "पोरीचा धडा ऱ्हायला तर मी लिवून दीन."

प्रियदर्शनीला हसू आलं. यायला नको होतं, पण आलं.

हरणाबाई मात्र हसत नव्हती. ती सूप खाली ठेवून विचार करत होती. "पोकळ म्हणालीस न्हवं?"

"व्हय."

"पोकळ म्हंजी हलकं. हलकं म्हंजी डावीकडं."

"कशावरनं?"

"आगं, ह्या सुपाची डावी कड वाकडी हाय. हलकं सगळं डाव्या अंगाला टाकतंय ते, लाख सरळ धरा. बाजारातनं आणलं तवापासनं असंच हाय. आन कोंबड्या बघ, कुठं हायत?"

कोंबड्या उजवीकडं होत्या. तिकडं जड खडे सांडले होते, तेवढे त्यांनी टिपले. घोंगड्यावर त्या पाय देत नाहीत. नख लोकरीत अडकतं.

"आन भुसकट मी वाऱ्यावर सोडलंय असं वाटलं व्हय तुला? शेरडाला लागतंय की. उगंच आंथरलंय घोंगडं?"

प्रियदर्शनी ओट्यावरून उठली.

"झाड मग ते पोत्यावर," आकाराम म्हणाला आणि घोंगड्याचं टोक धरलं.

"ठेव खाली," दोघी एकदम म्हणाल्या.

मग काय झालं, ते मोजून सांगायचं तर असं: एक घोंगडं, त्याची डावी बाजू, दोन बायका, एक भिंग, एक चिमटा, एक पांढरी बशी. आकारामचं काम सावली धरायचं. तो छत्री घेऊन उभा राहिला आणि पाणी पाजायचं राहिलंय, असं दर दहा मिनिटांनी सांगत राहिला.

हरणाबाईनं मेंढीच्या पाठीवर पाडावा तसा घोंगड्यात भांग पाडला. दोन्ही अंगठे शेजारी शेजारी, लोकर न ओढता. सासरी साठ-सत्तर मेंढरांची गोचिडं तिनं अशीच काढली होती. आणि मिरजेला मोतीबिंदू काढल्यापासून तिची नजर अशी झाली होती, की शेजारच्या ताटातला केस तिला आपल्या पाटावरून दिसायचा.

बशीत एकेक जमायला लागलं. माशाचा काटा. माशाचा काटा. सरड्याच्या जबड्याचा तुकडा. माशाचा काटा. एक मुंगी, ती आताची. बेडकाच्या पायाचं हाड. प्रियदर्शनी थांबली. पाच पोत्यांत तिला इतकी पातळ हाडं एकत्र कधी दिसली नव्हती. जड खड्यांच्या ढिगात ती बुडून जायची. इथं खडे नव्हतेच. नुसतं हलकं होतं.

"आत्या, तू निवडून ठेवलंयस गं सगळं."

"मग काय सांगतीया मगापासनं."

दीड वाजता हरणाबाईचे अंगठे थांबले. "ही नळी बघ गं. टोकाला गाठ हाय."

प्रियदर्शनीनं चिमट्यानं ती उचलली नाही. चिमटा आत्यापुढं धरला. आत्यानंच उचलून बशीत ठेवली.

भिंगाखाली चार मिलिमीटरचा तुकडा. पोकळ, मधासारख्या रंगाचा. दंडाच्या हाडाचं कोपराकडचं टोक. उंदराचं असतं तर ते रुंद पसरलेलं असतं, कारण उंदराला हात सगळीकडं फिरवावा लागतो. इथं गोल गाठ नळीच्या सरळ रेषेत बसली होती. एकाच दिशेनं उघडायचं, मिटायचं, पुन्हा उघडायचं. बाकी काही करायचं नाही.

"दाराची बिजागरी हाय ही," हरणाबाई भिंगातून बघून म्हणाली.

"व्हय आत्या. पंखाची."

प्रियदर्शनीनं तीनदा बघितलं, चौथ्यांदा आकारामला दाखवलं. तो छत्री बगलेत धरून वाकला, बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "एवढ्यासाठी रॉकेल वतलंस व्हय पाच लिटर?" पण नंतर बशीवर त्यानंच दुसरी बशी पालथी घातली, वारं लागू नये म्हणून.

सरांना फोटो पाठवला. फोन लगेच आला.

"कुठं सापडलं?"

"घोंगड्यात, सर."

"मी चाळणीचा नंबर विचारतोय."

"चाळणीत नाही सर. घोंगड्यात. आत्यानं पाखडलं."

जयराज सर हसायला लागले. सहा वर्षांत त्यांना असं हसताना तिनं ऐकलं नव्हतं. "पाच पोत्यांचा उरलेला गाळ इथं बरण्यांत पडलाय," ते म्हणाले. "आत्याबाईंना विचार, साताऱ्याला येतील का. सूप घेऊन."

हरणाबाई गेली. नऊवारी, डोक्यावर पदर, मांडीवर सूप, खांद्यावर घोंगडं. चौदा नंबरच्या खोलीत पंखा बंद करायला लावला, खिडकी एकच उघडी ठेवली आणि दोन दिवस पाखडलं. दंडाची आणखी दोन टोकं निघाली, बोटाचं एक लांबलचक पेर निघालं. सरांनीही एकदा सूप धरून बघितलं. "सर, आसं न्हाई. आसं केलं तर पोरं उपाशी ऱ्हातील," हरणाबाई म्हणाली.

तिसऱ्या प्रकरणातला पद्धतीचा परिच्छेद असा आहे:

'धुतलेला गाळ उन्हात वाळवून बांबूच्या सुपात पाखडला. हलका भाग लोकरीच्या घोंगड्यावर डावीकडे जमा झाला. लोकरीत भांग पाडून त्यातील पोकळ अस्थी वेचल्या. पाखडणी: श्रीमती हरणाबाई.'

समासात सरांची पेन्सिल: 'डावीकडेच का?'

प्रियदर्शनीनं घरी विचारलं. "कड वाकडी हाय म्हणून," हरणाबाई म्हणाली. कड वाकडी कशानं झाली, ते तिला माहीत नव्हतं. आकाराम उठला आणि उसाला पाणी पाजायला गेला.

प्रबंध सव्वीस जूनला गेला, 'उड्डाण'सकट. त्या दिवशी हरणाबाईनं पुरणासाठी आणलेली हरभऱ्याची डाळ आधी पाखडली, मग शिजवली.

२०११ साली, फलटणच्या बाजारातून येताना, एसटीत आकाराम त्या सुपावर बसला होता.