डहाणू रोडच्या होम सिग्नलला

रविवारी दुपारी चार वाजून अकरा मिनिटांनी दशरथमामांची गाडी डहाणू रोडला पोहोचली. वेळेपेक्षा जवळजवळ अर्धा तास उशिरा. कुठेतरी नोंद हवी म्हणून हे लिहिलं. बाकी असं काही झालेलं नाही. मामांनी विचारलं तर मी तोंडावर नाही म्हणेन, तुम्हीही नाहीच म्हणा.

झालं ते एवढंच. तलासरी नाक्यावर माझं दुकान आहे. झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, कॉम्प्युटर दुरुस्ती, आणि मे महिन्यात थंड पाणी. एका सकाळी मामा एसटीतून उतरले आणि चिकूचा क्रेट माझ्या काउंटरवर ठेवला. आधार कार्डाची प्रिंट घ्यायला आलेल्या शुक्रीने आत डोकावून पाहिलं.

"काका, चिकू कसे दिले?"

"चिकू नाय, कॉम्प्युटर आहे."

"मग क्रेटमधी कशाला?"

"सवय," मामा म्हणाले.

सवय खरी होती. माझे हे सख्खे मामा डहाणू रोडच्या पार्सल ऑफिसात तेहतीस वर्षं होते. चिकूचे क्रेट गाडीत चढवायचे, गाडी जायची, मामा राहायचे. दोन वर्षांपूर्वी रिटायर झाले तेव्हा त्यांना घड्याळ दिलं. त्यांना इंजिन हवं होतं. ते त्यांनी बोलून दाखवलं नाही, त्यामुळे कार्यक्रम व्यवस्थित पार पडला.

"नव्या, याला बघ जरा. म्हणतो, पात्र नाही."

कॉम्प्युटर नीलमचा, म्हणजे मामांच्या मुलीचा. तिने कॉलेजात असताना घेतला, मग लग्न होऊन ती भरूचला गेली आणि तो मामांच्या सरावलीच्या घरी राहिला. मी जोडून पाहिला.

"मामा, नवीन विंडोज यावर बसणार नाही. एक चिप लागते, ती यात नाही."

"बाकी?"

"बाकी ठणठणीत."

"तपासलं कोणी?"

"कोणी नाही. ते आपोआप ठरतं."

मामा स्टुलावर बसले. कॉम्प्युटरच्या डब्यावर हात ठेवून म्हणाले, "मेडिकल फेल म्हण ना सरळ."

मामांना लाल आणि हिरवा वेगळे दिसत नाहीत, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. सहायक ड्रायव्हरच्या भरतीत ते लेखीला पास झाले, डोळ्यांना नापास झाले आणि जिथे रंगाचं काम पडत नाही अशा ठिकाणी, म्हणजे पार्सलला, लागले. सुधामामी होती तोवर घरातले रंग ती सांगायची. कुठला शर्ट, कुठली पँट, टोमॅटो पिकलाय की नाही. तिला जाऊन तीन वर्षं झाली. तेव्हापासून मामा टोमॅटो घेत नाहीत.

"यात गेम खेळायचाय मला," मामा म्हणाले.

शुक्री प्रिंट घेऊन निघाली होती, ती परत थांबली.

सुरतच्या कुणा हौशी मुलाने एका ट्रेनच्या गेमसाठी संजाण ते डहाणू रोड ही लाइन बनवून नेटवर फुकट टाकली होती. मामांनी त्याचा व्हिडिओ पाहिला होता. किती वेळा ते त्यांनी सांगितलं नाही, पण उंबरगावनंतरच्या एका पुलाचे कठडे चुकलेत हे सांगितलं.

"एक गाडी मला डहाणूला न्यायची आहे. चालवत. एकच. मग दे हा डबा भंगारात."

मी म्हटलं, विंडोजच्या जागी लिनक्स टाकू, फुकट असतं. ते चिप विचारत नाही.

लिनक्स एक नसतं, पाच-पन्नास असतात, हे मामांना सांगणं ही माझी चूक. त्यांनी सगळ्यांच्या सेवाशर्ती विचारल्या. एक खास गेमवाल्यांसाठी बनवलेलं होतं. पण त्याला नवं ग्राफिक्स कार्ड आवडतं, आणि आपलं कार्ड नीलमच्या लग्नाआधीचं. दुसरं दर आठवड्याला बदलतं. मामा म्हणाले, "दर आठवड्याला बदली? नको." तिसरं मिंट. त्याला बरीच वर्षं अपडेट मिळत राहतात.

"म्हणजे कायम?"

"कायमच धरा."

"खूण कुठल्या रंगाची आहे त्याची?"

"हिरव्या."

"घे," मामा म्हणाले.

आधी मी ते पेन ड्राइव्हवरूनच चालवून दाखवलं. असं न बसवताही वापरून बघता येतं. मामांनी त्याला अर्धा तास उमेदवारीवर ठेवलं, आवाज ऐकला, वायफाय लागतं का पाहिलं आणि नेमणूक मंजूर केली. मी नीलमचे फोटो बाजूला काढून घेतले, डिस्क पुसली, मिंट बसवलं.

"आता ग्राफिक्स कार्डाला ड्रायव्हर टाकावा लागेल."

मामा ताठ झाले. "कोणाला टाकतोस?"

"माणूस नसतो मामा. सॉफ्टवेअर असतं."

"त्याची मेडिकल होते?"

"नाही."

"बराबर आहे," मामा म्हणाले.

गेम होता विंडोजचा. लिनक्सवर चालायला मध्ये दुभाष्या लागतो. गेम विंडोजच्या भाषेत मागतो, दुभाष्या लिनक्सच्या भाषेत पुढे सांगतो. पुण्या-मुंबईला हे समजावायला तास लागतो. तलासरीत लागत नाही. इथे बँकेत साहेब हिंदीत बोलतो, शेजारचा दुकानदार गुजरातीत, म्हातारी वारलीत, आणि मधला कोणीतरी मराठीत सगळ्यांचं भलं करतो. दुभाष्याच्या तीन आवृत्त्या लावून बघितल्या. पहिलीत गाडी दिसली, रूळ नाहीत. दुसरीत रूळ दिसले, गाडी नाही. तिसरीत दोन्ही दिसले आणि मामांनी डोळे पुसले. चष्म्यावर धूळ होती, असं त्यांनी जाहीर केलं.

रविवारी मी कॉम्प्युटर घेऊन सरावलीला गेलो. मामांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, जेवणाचा डबा भरून शेजारी ठेवला होता. घरातल्या घरात. मला सहायक नेमलं. नियम असा की सिग्नल दिसला की सहायकाने मोठ्याने रंग सांगायचा, ड्रायव्हरने मोठ्याने परत म्हणायचा.

"हिरवा!" मी ओरडायचो.

"हिरवा!" मामा ओरडायचे.

शेजारचा बाबल्या खिडकीशी येऊन काही हवंय का विचारून गेला.

संजाण सुटलं, उंबरगाव गेलं. मामांनी चुकलेल्या कठड्यांच्या पुलावर वेग कमी केला, भरवसा नको म्हणून. घोलवडला चिकूच्या वाड्या दिसल्या. झाडं सगळी एकसारखी, एकच झाड त्या मुलाने चारशे वेळा चिकटवलेलं. मामा म्हणाले, "मस्त आलाय बहर." मग डहाणूचा होम सिग्नल आला, स्टेशनात शिरण्याआधीचा शेवटचा.

"लाल!"

"लाल!" मामांनी गाडी उभी केली. सुंदर उभी केली. मी गेम सेव्ह केला.

वीस मिनिटं गेली. मी फोनवर शोधलं. नेटवर त्या लाइनीच्या पानाखाली लोकांनी लिहून ठेवलं होतं: शेवटचा सिग्नल कधीच हिरवा होत नाही, पोराने काम अर्धवट सोडलंय, सरळ पुढे जा. समोर प्लॅटफॉर्मचं टोक दिसत होतं. मामा कीबोर्डवर गाडी सोडायच्या बटणावर बोट ठेवून बसले होते. सत्तावीसचे असल्यापासून ते इथवर यायला निघाले होते, आणि अडलं होतं ते माझ्या एका शब्दावर.

"हिरवा," मी म्हटलं.

मामांनी पुन्हा म्हटलं नाही. ते पडद्याजवळ वाकले.

"वरचा दिवा पेटलाय की खालचा?"

मी फोन खाली ठेवला.

"खालचा लाल असतो, नव्या. रंग दिसत नाही, जागा दिसते." ते रागावले नव्हते. "तुझ्या मामीने पण हेच केलेलं. नवी नवरी. तपासणीच्या पुस्तकातले आकडे कुठूनतरी मिळवलेन. ठिपक्यांच्या चित्रात लपलेले असतात ते. पोळ्या लाटताना घोकून घ्यायची. पान पहिलं? बारा. पान दुसरं? आठ. सगळं पुस्तक पाठ."

"मग?"

"डॉक्टरने पहिलं उघडलं. बारा. तो सगळ्यांनाच दिसतो. दुसरं उघडलं. आठ, हे मला पाठ. दिसत होता तीन."

"तुम्ही काय म्हणालात?"

"तीन."

पंखा फिरत होता. मामा म्हणाले, "मागे दीड हजार माणूस बसलेलं असतं रे." मग चहा टाकायला आत गेले. जाताना मला बजावलं, "हात लावू नको."

मी हात लावला. गाडी लालवरून पुढे काढली. गेमने दंड दाखवला, पण अडवलं नाही. चार अकराला डहाणू रोड. प्लॅटफॉर्मवर एकही माणूस नव्हता. माणसं त्या मुलाने केलीच नव्हती. पण पार्सल ऑफिसचं दार होतं. दारात क्रेट रचलेले, सहाची थप्पी, आणि बाजूला रिकामं स्टूल. स्वयंपाकघरातून आलं ठेचल्याचा आवाज येत होता. मी सेव्ह केलेला गेम परत उघडला. गाडी पुन्हा होम सिग्नलला.

मामा कप घेऊन आले. "झाला हिरवा?"

"नाही."

"मग कागद घे. लाल ओलांडायचा तर स्टेशन मास्तरची लेखी परवानगी लागते. अर्ज लिही."

"मामा, हा द्यायचा कुठे?"

"ते तू बघ. धंदा तुझा आहे."

त्यांनी सांगितलं तसं लिहून घेतलं. शेवटचा मुद्दा सांगताना ते पडद्याकडे बघत होते. गेले तीन आठवडे अर्ज माझ्या काउंटरवर, काचेखाली आहे.

प्रति,
मा. स्टेशन अधीक्षक, डहाणू रोड (गेममधील)

विषय: होम सिग्नल लाल असताना ओलांडण्याची लेखी परवानगी मिळणेबाबत.

महोदय,
मी, दशरथ चुरी, चालक, वरील सिग्नलपाशी थांबलो आहे. गाडी सुस्थितीत आहे. इंजिन चालू आहे. सध्याचा सहायक (भाचा) सिग्नलचा रंग चुकीचा सांगत असल्याचे निदर्शनास आले आहे. तरी परवानगी देतेवेळी त्याच्या जागी सौ. सुधा दशरथ चुरी यांना सहायक म्हणून पाठवण्यात यावे, ही नम्र विनंती.