उरलेला बीम

अगं रूपा, मधे बोलू नकोस, नुसतं ऐक. आपल्या नारपोलीची सुकन्या आहे ना, तिचे बाबा, राघोकाका! पस्तीस वर्षं लूमवर कापड विणतायत. सोमवारी एक जिना चढताना तीनदा बसले, तशी ती त्यांना डॉक्टरांकडेच घेऊन गेली.

डॉक्टरांनी स्कॅन उजेडात धरला. "काका, फुप्फुसात हवेचे बारीक फुगे असतात. त्यांच्या मधल्या जागेत रफू करणाऱ्या पेशी असतात. जखम झाली की धागे सोडायचे, सांधायचं आणि थांबायचं. तुमच्या पेशी थांबतच नाहीयेत. रफूवर रफू. फुप्फुस कडक झालंय."

काका हसले. "माझ्याहून जास्त ड्युटी करतात की! सूत तुटलं तर माझा लूम आपोआप बंद पडतो. ह्यांना खटका न्हाय?"

"नाही. गोळ्यांनी वेग कमी होईल. झालेलं रफू उसवता येत नाही. आणि ती धूळ आता नको, लूम आजपासून बंद."

बुधवारी काका चहाला म्हणून गेले ते आलेच नाहीत. सुकन्या तणतणत कारखान्यात! तर काका बंद लूमसमोर, बीमवर, म्हणजे उभ्या धाग्यांच्या रुळावर, थोडंच सूत उरलेलं, आणि हातात आडवा धागा नेणारा धोटा. त्यात सुताची नवी कांडी बसवली की धोट्याच्या भोकाला ओठ लावून धागा श्वासाने बाहेर ओढतात, माहितेय ना? काका ओढत होते. गाल आत गेले, धागा येईना. पुन्हा ओढला, तर खोकत खालीच बसले.

"बाबा, घरी चला! डॉक्टर काय बोलले?"

"हातभर कापड राह्यलंय गो. ही शेवटची कांडी. मी चढवलेला बीम दुसऱ्यानं उतरवायचा न्हाय. मंग येतो, पुन्हा न्हाय येनार."

तिने त्यांचा दंड धरला होता. काका काही मागत नव्हते गं. धोट्याचं भोक सदऱ्याला पुसलं, परत तोंडाला लावलं. नाहीच.

सुकन्याने धोटा काढून घेतला. त्याच भोकाला ओठ लावले आणि ओढलं. एका दमात धागा आला. त्याच्यासोबत कापसाची भुकटीही जिभेवर आली. ती थुंकलीसुद्धा नाही.

लूम सुरू झाला. काका ताठ उभे राहिले, हात लाकडावर, तिच्याकडे न बघता.

खरं सांग, तू असतीस तर ओढला असतास तो धागा?