नारिनच्या घाटात जखडलेले इंजिन

मी एका जुन्या जीपचे इंजिन आहे. नारिन या डोंगराळ, कडक थंडीच्या गावातल्या एका अंगणात, कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी पडून आहे. मित्रांनो, माझ्या पोटातले लोखंड एकमेकांना चिकटून बसले आहे. ते आता सुटणार नाही.

माझा मालक कनिबेक याने जीप घरी आणली तेव्हा सगळी आळी पाहायला आली. त्याच्या बायकोने, बुरुलचाने, शकुन म्हणून चाकाला मेंढीचे रक्त लावले. पुढे कितीतरी वर्षे मी लोकरीचे गठ्ठे, मेंढ्या, नव्या नवऱ्या आणि आजारी माणसे घाटापलीकडे नेली. "हा माझा उडता घोडा!" कनिबेक सगळ्यांना सांगायचा.

त्या वर्षी थंडी लवकर आली. कनिबेकने बाजारातून तेलाचा डबा आणला. बुरुलचाने तो फिरवून पाहिला.

"अहो, डब्ल्यूच्या आधीचा आकडा बघा की. वीस आहे. तो जितका लहान, तितकं तेल थंडीत पातळ राहतं. आपल्या थंडीला पाच हवा, नाहीतर शून्य. हे गोठेल."

"पातळ तेल म्हणजे नुसतं पाणी. घट्ट तेलानं इंजिनाला बळ येतं."

"घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा कुमिस पण पातळच असतो. तो ढोसताना बरं बळ येतं तुम्हाला!"

कनिबेक हसला आणि त्याने ते तेल माझ्यात ओतले.

मग एका पहाटे निरोप आला. घाटापलीकडच्या कुरणावर कनिबेकच्या वडिलांच्या छातीत कळ आली होती. बाहेर उणे तीस अंश. तेल माझ्यात चरबीसारखे थिजले होते. कनिबेकने माझ्याखाली स्टोव्ह पेटवला. तळाचे तेल सैल झाले, मी कसेबसे सुरू झाले; पण तेल वर चढेना. समोर लाल दिवा लागला. कनिबेकशेजारी बसलेल्या बुरुलचाने तो पाहिला.

"अहो, तेलाचा दिवा! बंद करा, नीट गरम होऊ द्या."

"बाबा तिकडे तडफडतायत आणि मी दिवे बघत बसू?" त्याने दिव्यावर चिकटपट्टी लावली.

मी आत कोरडेच घासत होते. चढावर टकटक सुरू झाली. बुरुलचाने शाल ओढून घेतली. ऐन माथ्यावर मोठा कडाडा झाला आणि मी जखडले. मग फक्त वारा.

ते दोघे पायी निघाले. पुढे एका मेंढपाळाने घोडे दिले. ते पोहोचले तेव्हा शेजारणीने म्हाताऱ्याचे डोळे मिटले होते.

बुरुलचा नवऱ्याला त्यानंतर एका शब्दानेही टोचून बोलली नाही. तो मात्र अंगणात आला की माझ्याकडे पाठ करून उभा राहतो.

मित्रांनो, गाडीच्या पुस्तकात सांगितलेले, तुमच्या गावच्या हवेला मानवणारे तेलच घाला. दिवा लागला, आवाज बदलला, की थांबा. आम्हाला दुसरी भाषा येत नाही.

शेजारच्या अंगणात काल नवी गाडी आली आहे. तिचा मालक बाजारात तेल आणायला गेला आहे. त्याच्या हातातला डबा मला इथून दिसेल. डोंगरावर आभाळ काळवंडत चालले आहे.