मुकादमाचा आवाज

जपानमधल्या चिकुहोच्या बंद कोळसाखाणीवर मिझुए ही व्हिडिओ कलाकार चित्रण करत होती. युद्धकाळात तिथे धरून आणलेल्या कोरियन मजुरांच्या भूमिका गावकरी करत होते. मुकादम झाले होते तिचे मवाळ स्वभावाचे वडील. कॅमेरा सुरू होताच ते शिवी हासडून असे खेकसले, की समोरचे गावकरी खरोखरच मागे सरकले.

"बाबा, ही शिवी मी लिहून दिली नव्हती."

"माहीत आहे. तुझे आजोबा घरी आम्हाला हीच घालायचे."

"पण आजोबा तर खाणीत कारकून होते ना?"

"तसं आम्ही सांगायचो."

मिझुएने ते दृश्य कापलं नाही. प्रदर्शनात वडिलांनी ते शेवटपर्यंत उभ्यानेच पाहिलं आणि तिच्याशी न बोलता निघून गेले. नववर्षाला तिने फोन केला, तोही त्यांनी उचलला नाही.