विहिरीतलं ढेकूळ

सुकलालचं तेरावं उरकलं आणि दुसऱ्याच दिवशी भटूकाका कडब्याची पेंढी नि काडेपेटी घेऊन मळ्यातल्या विहिरीवर आला. विहिरीच्या बांधणीतला दगड निखळून खबदाड झालं होतं. त्यात घुबडाची पिल्लं होती. त्यांना धूर द्यायचा होता.

तापीबाई आधीच काठावर बसलेली. सुकलालची ही एकुलती लेक, सुरतेला दिलेली. बाप खंगतोय हे तिला कोणी कळवलंच नाही. कळवलं ते गेल्यावर.

कशानं खंगला ते मात्र गावात जो तो सांगे. सुकलालनं घुबडाला ढेकूळ मारलं. घुबड ते उचलून पाण्यात टाकतं, आणि ढेकूळ विरतं तसतसा माणूस झिजतो. म्हणून खोकल्यातून रक्त पडू लागलं तरी भटूकाकानं भावाला नंदुरबारच्या दवाखान्यात नेलं नाही. बैल मोटेला जुंपले आणि विहीर उपसायला काढली. ढेकूळ विरायच्या आत सापडायला हवं होतं. विहिरीचे झरे जिवंत. दिवसभर उपसावं आणि सकाळी पाणी पुन्हा तिथंच. सुकलाल झोपडीत पडून मोटेची कुरकुर ऐकत गेला.

तापीबाईनं खाली पाहिलं. पिल्लं एका वयाची नव्हती. घुबडीण पहिलं अंडं घालताच उबवायला बसते, त्यामुळे थोरलं आधी निघतं, धाकटं मागाहून. थोरल्याला पिसं आली होती. धाकटं अजून पांढऱ्या लवेचा गोळा. हे तिनं पुढे पुस्तकांत वाचलं, पण त्याआधी बापानं तिला याच काठावर पालथं झोपवून दाखवलं होतं. खबदाडाच्या तोंडाशी पडलेल्या, घुबडांनी ओकलेल्या, उंदरांच्या हाडाकेसांच्या वाळक्या गोळ्याही दाखवल्या होत्या. आपलं धान्य यांच्यामुळे राहतं, म्हणाला होता. त्या माणसानं ढेकूळ मारलं, हेच तिला पटत नव्हतं. मारताना पाहिलं होतं कोणी? विचारलं तर जो तो दुसऱ्याचं नाव सांगे.

"बाजूले हो, तापी," काका म्हणाला. "तुन्हा बापले यासनीच खाई टाकं."

"ढेकूळ सापडनं का, काका?"

"गाळमा काय सापडस, माय."

"मंग त्याच बैलस्नी गाडी नंदुरबारले गई नसती का?"

तिचा आवाज चढला नव्हता. काकानं शेजारच्या गोठ्यातल्या बैलांकडे पाहिलं. त्याचे डोळे भरून आले, तेही तिला आवडलं नाही. रडायचं होतं तर मोट सुरू होती तेव्हा रडायचं.

ती उठली. त्याच्या हातातली पेंढी काढून घेतली, सोडली आणि बैलांपुढे पसरली. मग काडेपेटी घेतली आणि विहिरीत टाकली. आवाजानं खबदाडातली पिल्लं सापासारखी फुसफुसली.

"आते हाई काढा, काका," ती म्हणाली. "उपसीसन."